शेवटी येणारी नावं

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारा माणूस मला कपाटच समजतो. समोर दोन सरकत्या लाकडी झडपा, खाली चार बारीक पाय आणि डोक्यावर क्रोशाचा रुमाल. झडपा सरकवल्या की आतली फुगीर काच दिसते आणि मग घरात आलेली लहान मुलं विचारतात, हे काय आहे? मी एक जुना टीव्ही आहे, काळ्यापांढऱ्या चित्रांचा. हातकणंगल्याला गणपती समुद्रे यांच्या घरात मी अडतीस वर्षं आहे. त्यातली शेवटची वीस वर्षं मी बंदच आहे.

तुम्हाला सांगतो ती गोष्ट माझी आहेच, पण माझ्याहून जास्त ती या घरातल्या नागसेनची आहे. नागसेन टीव्हीच्या मालिकांचा दिग्दर्शक. पस्तीस वर्षं त्यानं हेच काम केलं. दिग्दर्शक पडद्यावर कधी दिसत नाही. त्याला मी काम करताना एकदाही पाहिलेलं नाही. त्याचं काम माझ्या काचेतून बाहेर पडायचं आणि समोर बसलेल्या माणसांच्या चेहऱ्यांवर उमटायचं. ते चेहरे मात्र मी रोज पाहिले आहेत.

माझा जन्म कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. पिक्चर ट्यूब बाहेरगावाहून आली, लाकडी पेटी शेजारच्या सुतारानं केली आणि पोटातल्या तारा सात-आठ बायकांनी बाकावर बसून जोडल्या. तिथून मी शाहूपुरीतल्या वर्धमान मगदूम यांच्या दुकानात आलो. वर्धमान तेव्हा पंचविशीतले होते. घराण्याचा गुळाचा व्यापार सोडून त्यांनी रेडिओ आणि टीव्हीचं दुकान काढलं होतं, त्यामुळे घरचे त्यांच्यावर नाराज होते. दुकानात मी दोन महिने काचेआड उभा होतो. रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून मला बघायची आणि पुढं जायची.

एका दुपारी खाकी शर्टातला एक माणूस आत आला. तो गणपती समुद्रे, हातकणंगले स्टेशनवरचा गँगमन. रुळांचे बोल्ट आवळणं आणि खडी सारखी करणं हे त्याचं काम. त्यानं माझ्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं,

"पॅसेंजरनं न्यायचा झाला तर फुटंल काय ओ?"

"पावणं, मांडीवर घेऊन बसायची तयारी असली तर न्हाई फुटत," वर्धमान म्हणाले.

आणि गणपतीनं मला खरंच मांडीवर घेतलं. गाडी हलली की तो दोन्ही हातांनी मला छातीशी धरायचा. रुकडी गेलं तेव्हा समोरच्या बाईनं विचारलं, "लेकरू हाय काय?" गणपती नुसता हसला.

त्यांच्या गल्लीत मी पहिलाच टीव्ही होतो. गणपतीची बायको मीनाबाई ऊस खुरपायला जायची. तिनं मला पाहिलं, हातपाय धुऊन आली आणि मगच मला हात लावला. त्यांचा मुलगा नागसेन वीस वर्षांचा होता, कोल्हापूरला कॉलेजात होता. त्याची धाकटी बहीण क्रांती आठवीत होती. संध्याकाळ झाली की गल्लीतली तीस-पस्तीस माणसं आमच्या दोन खोल्यांत मावायची. कोण कुठं बसणार हे नागसेन ठरवायचा. उंच माणसं मागं, म्हाताऱ्या भिंतीला टेकून, पोरं पुढं. पाय पसरलेले त्याला चालायचे नाहीत.

कार्यक्रम संपला की माणसं उठायची, चपला शोधायची. नागसेन मात्र उठायचा नाही. शेवटी पांढऱ्या अक्षरांत नावं सरकायची, ती तो मोठ्यानं वाचायचा. छायालेखन अमुक, संकलन तमुक, रंगभूषा, वेशभूषा, सगळी.

"आता काय बघायचं ऱ्हायलंय त्यात?" मीनाबाईनं एकदा विचारलं.

"आई, ह्यांनीच केलंय की सगळं."

"आमास्नी वाटलं, पेटीतनंच येतंय," ती म्हणाली आणि गल्ली हसली. नागसेन हसला नाही. त्या दिवसांत त्याच्या मनात काय घर करत होतं ते मला कळत होतं, कारण इतक्या जवळून माझ्याकडं दुसरं कुणी बघत नव्हतं.

पदवी झाल्यावर त्यानं घरात सांगितलं की त्याला मुंबईला जायचं आहे, टीव्हीचं काम शिकायला. रेल्वेत चिकटण्याची संधी होती, अर्जही आणून ठेवलेला होता. मीनाबाई भाकरी थापत राहिली. गणपतीनं तो अर्ज घडी घालून माझ्या पेटीवर ठेवला आणि म्हणाला,

"मी वीस वर्सं रूळ राखलो. गाड्या रोज जात्यात. माझं नाव कुठं लिवलंय काय? जा तू. तुझं तरी येऊ दे कुठंतरी."

नागसेन गेला. पहिली काही वर्षं तो काय करत होता ते पत्रांतून कळायचं. पत्र क्रांती वाचून दाखवायची, कारण गणपती अडखळत वाचायचा आणि मीनाबाईला अक्षर येत नव्हतं. केबल उचलणं, कलाकारांना वेळेवर उभं करणं, चहा सांगणं, घड्याळ लावून प्रसंग मोजणं. मग एका पत्रात त्यानं लिहिलं की बुधवारी सात वाजता लागणाऱ्या मालिकेच्या शेवटी त्याचं नाव येणार आहे, साहाय्यक म्हणून.

त्या बुधवारी गल्ली तासभर आधीच जमली. मीनाबाई नवं लुगडं नेसून माझ्यासमोर अगदी पुढं बसली. मालिका कशाबद्दल होती ते त्या दिवशी कुणीच पाहिलं नाही. शेवट आला. नावं सरकू लागली. "आलं!" क्रांती ओरडली, टाळ्या वाजल्या, कुणीतरी गणपतीच्या पाठीवर थाप मारली.

"कुठं?" मीनाबाई म्हणाली.

"गेलं की, आई."

"गेलं?"

तिनं माझ्या काचेकडं पाहिलं. तिथं साबणाची जाहिरात चालू होती. माणसं पेढे मागत होती. ती उठून आत गेली आणि साखर वाटून परत आली, पण तिचा चेहरा मी पाहिला होता. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी पुष्कळ रडके प्रसंग दाखवले, पण तसा चेहरा त्यांतल्या एकाही नटीला जमला नाही.

दुसऱ्या दिवशी शेतावरून आल्यावर तिनं क्रांतीची जुनी पाटी काढली. "मला सगळं नगं शिकवू," ती म्हणाली. "त्याच्या नावाची चार अक्षरं तेवढी दाव."

क्रांतीनं लिहिली. ना, ग, से, न. मीनाबाई माझ्यासमोर जमिनीवर बसून गिरवायची. पहिले दोन दिवस तिचा 'ग' उलटा पडायचा. खुरप्यानं घट्टे पडलेल्या बोटांत पेन्सिल टिकत नव्हती. तिनं एक खूण धरून ठेवली होती: पुढं एक न, मागं एक न, दोन्हीकडनं राखण. पुढच्या बुधवारी ती माझ्यापासून एका हातावर बसली. नाव आलं तशी तिनं बोट काचेवर ठेवलं. माझ्या काचेवर नेहमी थोडी वीज खेळते, तिच्या बोटाला बारीक चटका बसला असणार. तिनं बोट काढलं नाही. नाव वर सरकत गेलं आणि तिचं बोटही त्याच्याबरोबर वर सरकत गेलं, काचेच्या कडेपर्यंत.

"हेच न्हवं?" तिनं विचारलं.

"हेच," क्रांती म्हणाली.

नंतर ते तिथं थांबलं नाही. एस.टी.च्या पाटीवर तिला 'न' भेटला, खताच्या पोत्यावर 'ग' भेटला. मधली अक्षरं कोणती हे तिला कळेना, म्हणून ती रोज एक विचारू लागली. दोन वर्षांत मीनाबाई सावकाश का होईना, पण वाचू लागली. वाचताना ती मोठ्यानं वाचायची आणि प्रत्येक शब्दानंतर थांबायची, जणू पुढचा शब्द येतोय का ते बघायला.

मग तो दिवस आला. नागसेन दिग्दर्शक झाला. 'मुक्कामी गाडी' नावाची तेरा भागांची मालिका त्यानं केली. चंदगडच्या डोंगरातल्या एका गावात रोज रात्री मुक्कामाला येणारी एस.टी., तिचा चालक आणि वाहक आणि त्यांना जेवू घालणारं गाव, एवढीच गोष्ट. ती त्यानं खऱ्या पावसात चित्रित केली. कॅमेऱ्यावर घोंगडं टाकून काम केलं, असं त्यानं लिहिलं होतं. मला रंग दाखवता येत नव्हते, तरी त्या मालिकेतला ओला रस्ता माझ्या काचेवर असा चमकायचा की गल्लीतली माणसं पाय आखडून बसायची. शेवटी पूर्ण काचेवर एकच ओळ थांबली. दिग्दर्शन, नागसेन समुद्रे. गणपती तोवर हाताची घडी घालून मागं उभा होता. तो पुढं आला, माझ्यासमोर बसला आणि ओळ गेल्यावरही बसून राहिला. त्या मालिकेचं वर्तमानपत्रांत कौतुक झालं. एक कात्रण गणपतीनं माझ्या झडपेच्या आतल्या बाजूला चिकटवलं. ते अजून आहे, फार पिवळं पडलं आहे.

आता जे सांगणार आहे ते सांगताना मला अवघड वाटतं.

कौतुक झाल्यावर मुंबईच्या एका मोठ्या निर्मात्यानं नागसेनला बोलावलं. खासगी वाहिन्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या, मोठी मालिका होती, मोठे कलाकार. तोवर आमच्याकडं केबलची तार आली होती. पहिल्या भागाला पुन्हा सगळे जमले. शेवटी नावं आली. मीनाबाई पुढं वाकली. दिग्दर्शन, आणि खाली दोन शब्द. पहिलं अक्षर न, म्हणून ती हसली. दुसऱ्या शब्दात ग होता. मग तिचं हसू थांबलं.

"क्रांती, मागचा न कुठं हाय?"

 मीनाबाईनं एकेक अक्षर जुळवून वाचलं. "नी...ल... सा...ग...र. हा कोण?"

गणपती उठला आणि माझ्या दोन्ही झडपा ओढून घेतल्या. आतून मला फक्त माणसांच्या चपलांचे आवाज ऐकू आले. त्या दिवशी कुणीही पेढे मागितले नाहीत.

पंधरा दिवसांनी नागसेन घरी आला. चांगले कपडे होते, हातात मिठाईचा पुडा होता. मीनाबाईनं पाणी दिलं आणि तो खाली टेकायच्या आत विचारलं, "नील सागर कोण रं?"

"मीच की, आई."

"तू?"

"निर्माते म्हणाले, नाव जरा सगळ्यांना चालेल असं ठेवूया. लोक नावावरनं अंदाज बांधतात म्हणे. समुद्र म्हणजे सागरच की. अर्थ तोच राहतो."

"आणि नागसेन म्हंजे नील व्हय?"

त्यानं मान खाली घातली. गणपती दाराशी बसला होता. निवृत्त होऊन त्याला थोडेच महिने झाले होते. तो आवाज न चढवता बोलला.

"छप्पन साली दीक्षा झाली तवा मी सोळा वर्सांचा हुतो. घरातलं सगळं बदललं. देव्हारा गेला, माणसं ताठ चालाय लागली. माझं नाव तेवढं जुनंच ऱ्हायलं, शाळेच्या दाखल्यावर हुतं म्हणून. तू झालास तवा मी म्हटलं, ह्येचं नाव मी ठेवणार. विहारात भंते आलतं, त्यांना इचारून ठेवलं. भंते म्हणालं, नागसेन म्हंजे राजानं कितीबी अवघड इचारलं तरी न भिता उत्तर देणारा. तुला त्या माणसानं एक गोष्ट इचारली, आणि तू नावच काढून दिलास."

 नागसेन रडत होता असं मी म्हणणार नाही. तो मिठाईच्या पुड्याचा दोरा सोडत होता आणि पुन्हा बांधत होता.

"आबा, काम जाईल," तो शेवटी म्हणाला. "तिथं कोण कुणासाठी थांबत नाही."

"जाऊ दे," गणपती म्हणाला. "घर हाय की."

तो दुसऱ्या दिवशी परत गेला. निर्मात्याला त्यानं सांगितलं की पुढच्या भागापासून खरं नाव येईल. निर्मात्यानं आधी समजावलं, मग हसण्यावारी नेलं आणि महिन्याभरात दुसरा दिग्दर्शक आणला. नागसेन भांडखोर आहे, एवढं बोलणं मात्र मुंबईभर पसरलं. कुणीही त्याला काम देईना. एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन तो हातकणंगल्याला परत आला. तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता.

पुढची दोन वर्षं त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. घरात कुणी मला चालू केलं की तो बाहेर पडून स्टेशनकडं जायचा. माझीही तब्येत बिघडली होती. चित्र सारखं वर वर सरकायचं, काचेवर पावसासारख्या रेघा पडायच्या. गणपतीनं शाहूपुरीला निरोप धाडला, आणि वर्धमान मगदूम स्वतः पिशवी घेऊन आले. आता त्यांचं पोट सुटलं होतं आणि सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. माझं मागचं झाकण उघडता उघडता त्यांनी पलंगावर पडलेल्या नागसेनला पाहिलं.

"काय मुंबईकर, काय चाललंय?"

"काय न्हाई, अण्णा."

"मी कोल्हापुरात केबलवर आपला एक चॅनेल काढलोय. कॅमेरा हाय. चालवणारं पोरगंबी हाय. काय दाखवायचं ते कुणालाच कळंना झालंय. सभा दाखवतोय, सत्यनारायण दाखवतोय. येतोस काय?"

"अण्णा, मला आता..."

"परवा ये," वर्धमान म्हणाले आणि माझ्या पोटातल्या सुटलेल्या तारांना डाख द्यायला लागले.

नागसेन गेला. पहिला कार्यक्रम त्यानं गुऱ्हाळावर केला, वीस मिनिटांचा. रस उकळताना गूळ तयार झाला की नाही हे गूळ करणारा गुळव्या नुसत्या वासावरून कसं ओळखतो ते त्यात होतं. वर्धमानांचं बालपण गुळात गेलेलं, पण ते म्हणाले की गूळ असा मी पहिल्यांदा बघितला. त्यांची तक्रार एकच होती. कार्यक्रमाच्या शेवटी नागसेननं गुळव्याचं, चुलाण्यात उसाची चिपाडं टाकणाऱ्याचं, बैलगाडी हाकणाऱ्याचं आणि चहा करणाऱ्या बाईचंही नाव दिलं होतं.

"वीस मिन्टाच्या कार्यक्रमाला दोन मिन्टं नावं?" वर्धमान आमच्याच घरी बसून म्हणाले.

"त्यांच्या घरची बघत बसलेली असतात, अण्णा," नागसेन म्हणाला. त्यानं आईकडं पाहिलं नाही, पण मीनाबाई आतून चहा घेऊन येता येता दारातच थांबली.

पुढच्या महिन्यात वर्धमानांच्या कार्यालयात फोन वाजत राहिले. आमच्या दादाचं नाव आलतं म्हणे, परत कधी दाखवणार? मग वर्धमानांनी तक्रार केली नाही.

दिवस बदलले. मोठ्या वाहिन्यांना गावाकडच्या मालिका हव्या झाल्या आणि त्या कोल्हापूर परिसरात चित्रित होऊ लागल्या. इथली भाषा, इथली माणसं आणि इथलं ऊन ओळखणारा दिग्दर्शक त्यांना हवा होता. नागसेनकडं माणसं आली ती आमच्याच घरी, माझ्यासमोर बसली. पैसे किती, भाग किती, हे त्यांनी सांगितलं. नागसेननं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "नाव पूर्ण येणार काय?" त्यांना प्रश्नच कळला नाही. येणार की, न यायला काय झालं, असं ते म्हणाले. तेव्हा गणपती उठून अंगणात गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

त्यानंतरची वीस-बावीस वर्षं नागसेननं रोजच्या मालिका केल्या. एक संपली की दुसरी. सकाळी सातला सेटवर, हातात कागद, गळ्यात चष्मा. नव्या मुलींना तो संवाद म्हणून दाखवायचा नाही, त्या काय म्हणतायत ते फक्त ऐकायचा, असं क्रांती सांगायची. तिनं एकदा जाऊन पाहिलं होतं. क्रांती तोवर शिक्षिका झाली होती आणि गावातच राहत होती.

माझं मात्र काम संपलं. नागसेननं घरी रंगीत टीव्ही आणला आणि तो ठेवायला जागा नव्हती म्हणून माझ्या डोक्यावर ठेवला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? आता मला चित्र दिसत नव्हतं, कारण ते माझ्या वर होतं. माझ्या झडपा उघड्याच असायच्या, म्हणून समोरच्या माणसांचे चेहरे तेवढे दिसायचे. हळूहळू मला त्याची गोडी लागली. शेवटी नावं सुरू झाली की मीनाबाईचे ओठ हलू लागायचे. त्यावरून मला कळायचं कोण कोण येऊन गेलं.

एका पावसाळ्यात गणपती गेला. आदल्या रविवारी त्यानं मला कोरड्या फडक्यानं पुसलं होतं. तो दर रविवारी पुसायचा. नंतर काही वर्षं मला कुणी पुसलं नाही. रंगीत टीव्हीही गेला, भिंतीवर पातळ टीव्ही आला आणि माझ्यावर औषधांचे डबे, रिमोट, चार्जर असं काहीबाही साठत गेलं. एकदा भंगारवाला दारात आला तेव्हा क्रांती म्हणाली, "आई, हे देऊन टाकूया काय? जागा अडतीय."

"माझी शाळा हाय ती," मीनाबाई म्हणाली. "तुझी शाळा इकलीस काय कधी?" क्रांतीनं भंगारवाल्याला जुनी बादली दिली. मी राहिलो.

याच दरम्यान एक गोष्ट घडत होती, ती मीनाबाईच्या चेहऱ्यावरून माझ्या ध्यानात आली. नावं सुरू झाली की ती डोळे बारीक करू लागली. मला वाटलं नजर गेली. पण मग ती नागसेनला फोनवर बोलताना मी ऐकलं.

"नावांची पट्टी केवढीशी केलीया रं? बाजूला जाहिरात लावत्यात. मुंगीला वाचायला हाय काय ती?"

पुढं ती पट्टीही गेली. भाग संपला की लगेच दुसरी मालिका. मीनाबाई रिमोट हातात धरून बसून राहायची. सणाला नागसेन घरी आला तेव्हा तिनं पुन्हा विषय काढला. त्याचे केस पांढरे झाले होते, साखर वाढलेली होती, सेटवरून दोन तासांचा प्रवास करून तो पलंगावर टेकला होता.

"वाहिनीचं धोरण आहे, आई. आता नावं कोण बघतंय?"

"मी," मीनाबाई म्हणाली.

नागसेननं डोळे मिटून घेतले. मला तो त्या दिवशी फार थकलेला दिसला. ज्या माणसानं एका नावासाठी मुंबई सोडली होती, त्याला ते नाव हळूहळू कसं निघून गेलं ते कळलंही नव्हतं.

गेल्या वर्षी त्यानं ठरवलं की चालू मालिका संपली की थांबायचं. शेवटचा भाग कधी लागणार ते कळलं आणि तो भाग पाहायला नागसेन आमच्याकडं आला. कोल्हापुरात त्याचं स्वतःचं घर आहे, तरी इथं आला. मीनाबाई आता ऐंशीची आहे. तिला उशा लावून माझ्यासमोर, म्हणजे खरं तर माझ्या वरच्या टीव्हीसमोर बसवलं. क्रांती शेजारी बसली. नागसेन नेहमीसारखा मागं उभा राहिला.

"आज नावं येणार आहेत," तो म्हणाला.

"येऊ देत्यात व्हय?" मीनाबाईनं विचारलं.

"न्हाई देत म्हणाले. वेळ न्हाई म्हणाले. मग मी शेवटच्या प्रसंगातलं माझंच एक मिनिट कापलं. म्हटलं, आता वेळ झाला. मग लावतो म्हणाले."

क्रांतीनं वळून त्याच्याकडं पाहिलं. "कुठलं मिनिट कापलंस?"

"होतं एक चांगलं," तो म्हणाला.

सात वाजले. भाग सुरू झाला. माझ्या झडपा उघड्या होत्या, मी चेहरे पाहत होतो. मीनाबाईनं चष्मा दोनदा पुसला. शेवट झाला आणि नावं सुरू झाली असावीत, कारण ती पुढं वाकली आणि मोठ्यानं वाचायला लागली. तिच्या नेहमीच्या पद्धतीनं, प्रत्येक शब्दानंतर थांबत. वेशभूषा करणाऱ्या बाईचं नाव वाचलं. जेवण आणणाऱ्याचं वाचलं. गाडी चालवणाऱ्याचं वाचता वाचता अडखळली. मग, "प्रकाश... साहाय्य... गुंडू... जोतीराम... कां..." तोवर पुढची नावं सरकून गेली असावीत, कारण मोठं संगीत वाजलं आणि जाहिरात आली.

नागसेन पुढं येऊन तिच्यापाशी खाली बसला. साठीचा माणूस, गुडघे वाजले त्याचे.

"आई, माझं दिसलं काय?"

मीनाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. ती खरंच विसरली होती.

"न्हाई रं," ती म्हणाली. "मी गुंडूचं वाचत हुते."

तो हसायला लागला. हसता हसता त्यानं चष्मा काढला आणि कपाळ तिच्या गुडघ्यावर टेकलं. क्रांती उठून पाणी आणायला गेली. मीनाबाईनं त्याच्या पांढऱ्या केसांवर हात ठेवला, पण तिचं डोकं अजून तिकडंच होतं.

"गुंडू कोण रं?"

"लाईटवाला. चंदगडचा."

"आई हाय त्याला?"

"हाय की."

"ती बघत हुती काय?"

"माहीत न्हाई."

"मग इचार की."

त्यानं फोन लावला. गुंडू सेट मोडायच्या कामात होता, मागं हातोड्यांचे आवाज येत होते. साहेबांनी शेवटच्या दिवशी फोन का केला म्हणून तो घाबरला असणार. आई लवकर झोपते, असं तो म्हणाला. मीनाबाईनं फोन हातात घेतला.

"उद्या दुपारी परत लागतंय," ती म्हणाली. "तवा तिला जागी ठेव. आणि टीव्हीच्या अगदी पुढं बसीव. मी हातकणंगल्यासनं बोलतीया, नागसेनची आई."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुन्हा बसली. या वेळी तिनं सुरुवातीची नावं क्रांतीला वाचायला सांगितली आणि गुंडूपासून पुढं स्वतः वाचली.

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसते त्याचं मला फारसं काही नाही. जमलं तर रविवारी एखादं फडकं फिरवा. माझं मागणं वेगळंच आहे. तुमच्या घरातला टीव्ही माझ्यासारखा जाड नाही, त्याला झडपा नाहीत, पण त्यातही कार्यक्रमाच्या शेवटी कधीकधी नावं येतात. तेव्हा चपला शोधू नका, रिमोटकडं हात नेऊ नका. बसा थोडं. वाचता येईल तेवढी मोठ्यानं वाचा. सगळी नाही जमणार. कुठलं तरी एक जमलं तरी चालेल, कुणाचंही.